पांढऱ्या डब्याची किल्ली

"तो पासवर्ड नाही देता येत, काकू. डबा कंपनीचा आहे ना."

मुलगा स्टुलावर उभा होता. ड्रिलची धूळ त्याच्या बाहीवर, केसांत, आमच्या चपलांच्या कपाटावर पसरली होती. खिडकीच्या चौकटीतल्या भोकातून एक बारीक काळी वायर आत आली होती आणि दाराशेजारच्या भिंतीवर पांढरा डबा बसला होता. मी मागत होते तो वायफायचा पासवर्ड नव्हे. तो डब्याच्या पोटावर चिकटवलेला होताच. मला हवा होता डब्याच्या आत शिरायचा पासवर्ड. कुठली कुठली यंत्रं जोडली गेली आहेत ते पाहता यावं, बाबांच्या खोलीसाठी वेगळं नाव ठेवता यावं, पाहुण्यांना वेगळी वाट करून देता यावी, एवढ्यासाठी. मुलगा चिपळूणकडचा, बोलायला गोड. नाही म्हणाला तेही अवघडून. चहा घेतला, मी नको म्हणत असताना धूळ स्वतः झाडली आणि गेला. मी मात्र दिवसभर येता-जाता त्या डब्याकडे पाहत राहिले. घर आमचं, भिंत आमची, वीज आमच्या मीटरवरची, महिन्याचे पैसे आमचे. आणि घरातल्या प्रत्येक फोनवरून जे काही जातं-येतं ते ज्या डब्यातून जातं, तो उघडायची मुभा तेवढी आम्हाला नाही.

काही महिन्यांनी एका सकाळी त्याचा अर्थ नीट कळला. रात्रीतून डब्याने आपणहून काहीतरी अपडेट करून घेतलं आणि वायफायचं नावच बदललं. बाबा पाचला उठतात, टॅबवर अक्षरं मोठी करून पेपर वाचतात. मी सातला बाहेर आले तर ते दिवा न लावता टॅब मांडीवर घेऊन बसले होते. "आपलं नाव दिसत नाहीये गं," एवढंच म्हणाले. आपल्याच हातून काहीतरी बिघडलं असं त्यांना वाटत होतं आणि म्हणून त्यांनी मला उठवलं नव्हतं. ते मला फार लागलं. ऐंशी ओलांडलेल्या माणसाने, आयुष्यभर हिशेबाच्या वह्या चोख ठेवलेल्या माणसाने, दोन तास स्वतःला दोष देत बसायचं. कशासाठी, तर कुठल्यातरी सर्व्हरने रात्री आमच्या घरातलं नाव पुसलं म्हणून. ग्राहक केंद्रातली बाई शांतपणे म्हणाली की सेटिंग वरूनच बदलतात, ग्राहकाला काही करावं लागत नाही.

ग्राहकाला काही करावं लागत नाही. मला तर करायचं होतं.

गिरगावात आमच्या मजल्यावर पहिला फोन आला तो आमच्याकडे. नाव नोंदवून बाबा वर्षानुवर्षं थांबले होते. काळा, जड, कानाला लावला की गार लागणारा फोन. तो टेलिफोन खात्याचा. उघडायचा नाही, जागेवरून हलवायचा नाही, मुका झाला तर खात्याचा माणूस येईपर्यंत वाट पाहायची. मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांनी आपापल्या नातेवाइकांना आमचा नंबर पी.पी., म्हणजे शेजाऱ्याकडचा निरोपाचा नंबर, म्हणून देऊन ठेवला होता, त्यामुळे रात्री जेवताजेवता उठून गॅलरीच्या टोकापर्यंत हाक मारत पळायचं काम माझं. पण त्या फोनच्या तबकडीच्या एका भोकात आईने लहानसं कुलूप अडकवलं होतं आणि त्याची किल्ली तिच्या कमरेच्या जुडग्यात असायची. आलेला फोन कुणीही घ्यावा; लावायचा असेल तर आईला विचारायचं. तिने कुणाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. मध्यरात्री कुणाचं दुखणं वाढलं तर ती केस बांधत बांधत किल्ली काढायची. फोन खात्याचा होता, तरी तो कधी वाजवायचा आणि कुणासाठी उघडायचा हे ठरत होतं आमच्या घरात. त्या मजल्यावरची माणसं ओळखणारी एक बाई ते ठरवत होती. हा फरक तेव्हा कुणी बोलून दाखवला नाही, कारण तो कुणी काढूनच घेतला नव्हता.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. आमच्याकडे ते यायला आणखी काही वर्षं गेली. दादाने लॅमिंग्टन रोडवरून मोडेम आणला, ५६ केबीपीएसचा, पुढे लाल दिव्यांची रांग असलेला. रात्री उशिरा, फोन येण्याची शक्यता संपली की तो लावायचा. आधी शिट्टी, मग खरखर, मग दोन यंत्रं एकमेकांना ओळख पटवत असल्यासारखा चढउतार, आणि मग एकदम गप्प. त्या गप्प होण्याची आम्ही श्वास धरून वाट पाहायचो. आज मागे वळून पाहताना मला वाटतं, त्या संथ लाइनीत एक गोष्ट सरळ होती. कंपनी द्यायची एक नंबर, एक युजरनेम आणि एक पासवर्ड. बाकी यंत्र आपलं. सेवा आवडली नाही तर दुसऱ्या कंपनीचा नंबर फिरवायचा. मोडेम तोच, टेबलही तेच.

लग्नानंतर पार्ल्याला आले तेव्हा केबलवाल्यांचा जमाना सुरू झाला होता. गच्चीवर पत्र्याच्या पेटीत स्विच, तिथून राखाडी वायर खिडकीतून थेट कॉम्प्युटरच्या पाठीत. मध्ये डबाच नाही. नेटवर्क कार्डाचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या कार्डाचा ओळख क्रमांक, केबलवाल्याकडे नोंदलेला, म्हणून कॉम्प्युटर बदलला की त्याला फोन करायचा, "मॅक बदलून द्या हो." वायर तांब्याची, या गच्चीवरून त्या गच्चीवर लोंबकळत गेलेली. जूनमध्ये ढग गडगडले की घरातलं कुणीतरी धावत जाऊन ती उपटायचं, नाहीतर कार्ड जळायचं. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड ठरलं होतं. २०१३ मध्ये ते ५१२ झालं आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. आज दोन एमबीपीएसवर घरातली एक मुलाखत आणि एक शाळेचा व्हिडिओ एकाच वेळी धड चालणार नाही, हे घरून काम करणारा कुणीही सांगेल. ही किमान मर्यादा मला आजही फार खाली वाटते.

आता तांब्याच्या जागी काच आली. केसासारखा तंतू, १२५ मायक्रॉन जाड, आणि प्रकाश त्यातल्याही मधल्या नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून जातो. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे त्या वायरीपुरती गडगडाटाची भीती संपली. पण दुखणी नवी. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी डब्यावर लाल दिवा लुकलुकू लागला आणि नेट गेलं. तोच चिपळूणचा मुलगा आला, रेनकोट दाराबाहेर झटकून. त्याने वायरीच्या टोकाला पेनासारखी लाल बॅटरी लावली आणि मला दिवे घालवायला सांगितलं. वायरीतून रोज जातो तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. हा लाल मात्र दिसतो, आणि काच जिथे दुखावली असेल तिथून बाहेर पाझरतो. खिडकीच्या सरकत्या काचेखाली, पावसासाठी आम्ही ती घट्ट ओढून घेतली होती तिथेच, गुंजेएवढा लाल ठिपका पेटला होता. मग तो जिन्याच्या पायरीवर बसला, स्प्लायसिंग मशीन मांडीवर घेतलं, तंतू सोलला, स्पिरिटने पुसला, कापला. छोट्या पडद्यावर दोन्ही टोकं ओंडक्यांएवढी दिसत होती, हळूहळू जवळ येत. एक ठिणगी आणि जोड. "झीरो पॉइंट झीरो टू," जोडात प्रकाश किती वाया जातो तो आकडा तो स्वतःशीच बोलला आणि मीटर लावून मला दाखवलं, "मायनस एकोणीस येतेय पॉवर. मस्त आहे."

मी विचारलं, खांबावर, गच्चीवर भर पावसात हे कसं करतोस? म्हणाला, छत्री धरायला कुणी असलं तर बरं, नसलं तर प्लास्टिकची पिशवी. त्याला कॉलमागे पैसे मिळतात. बोलता बोलता मी पुन्हा पासवर्डाचा विषय काढला आणि यावेळी त्याने पायरीवर बसूनच सगळं समजावलं. काचेतल्या प्रकाशाचे सिग्नल करणारा डबा कंपनीचाच लागतो, कारण पलीकडचं यंत्र त्याचा सीरियल नंबर ओळखतं. एकाच तंतूवर स्प्लिटर लावून कितीतरी घरं जोडलेली असतात, त्यात भलताच डबा घुसला तर सगळ्यांना त्रास. हे मला पटलं. "पण त्याला ब्रिज मोडवर टाकता येतं, काकू. मग तो फक्त प्रकाशाचं काम करतो. वायफाय, पासवर्ड, सगळं तुमच्या राउटरमध्ये. ऑफिसला मेल टाका, मी येऊन करून देतो."

वर्सोवा आमच्यापासून काही किलोमीटरवर. समुद्राखालून आलेल्या केबली तिथल्या किनाऱ्यावर वर चढतात. वाळूत चालणाऱ्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. १८७० मध्ये सुएझहून समुद्राखालची तार मुंबईला पोचली तेव्हापासून या शहराला अशा वायरींची सवय आहे. इतक्या लांबून, इतक्या कंपन्यांच्या आणि देशांच्या हद्दी ओलांडून येणारा प्रकाश आमच्या दारापर्यंत मोकळा येतो, आणि शेवटच्या हातभर अंतरावर मात्र कुलूप. तेही घराच्या आतल्या बाजूला, आणि किल्ली बाहेरच्याकडे.

स्टुटगार्टला राहणाऱ्या भाचीला हे सांगितलं तर तिला आश्चर्य वाटलं. तिच्याकडे १ ऑगस्ट २०१६ पासून कायदाच आहे की ग्राहक आपल्या पसंतीचं यंत्र लावू शकतो, आणि जोडणीसाठी लागणारी माहिती कंपनीने द्यायलाच हवी. कंपनीचं जाळं भिंतीतल्या सॉकेटपाशी संपतं, पुढचं घर. ती दुकानात गेली, राउटर निवडला, घरी आणून लावला, संपलं. मला त्या सॉकेटचं म्हणणं फार आवडलं. रस्ता कितीही मोठा असो, उंबरठ्याच्या आत आला की तो रस्ता राहत नाही. आपल्याकडे हे कंपनीगणिक, आणि खरं सांगायचं तर त्या त्या विभागातल्या माणसागणिक बदलतं. कुणी मागितल्याबरोबर ब्रिज करून देतं, कुणी मेलला उत्तरही देत नाही.

आमच्या कंपनीने दिलं नाही. प्लॅन संपतच आला होता, म्हणून मी कंपनीच बदलायची ठरवली आणि मग पार्ल्यातली सगळीच माणसं करतात तेच केलं: आधी वॉचमनला विचारलं. कुणाची माणसं सारखी शिडी घेऊन येतात हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. सारखी येतात म्हणजे लाइन सारखी जाते, आणि कधीच येत नाहीत म्हणजे बोलावूनही येत नाहीत. दोन्ही अर्थ निघतात, आणि कुठला खरा हे त्यालाच माहीत. मग वरच्या मजल्यावरच्यांकडे रात्री साडेनऊला जाऊन स्पीड पाहिला, कारण सकाळी अकराला सगळ्यांचीच लाइन पळते. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा खाली येणाऱ्या वेगाचा. वर जाणारा किती हे मुद्दाम विचारावं लागतं, आणि व्हिडिओवर शिकवणाऱ्या माझ्यासारखीचं सगळं पोट त्या वर जाण्यावर. किंमत सांगतात ती १८ टक्के जीएसटी धरायच्या आधीची. अनलिमिटेडच्या खाली बारीक अक्षरात महिन्याची मर्यादा लिहिलेली असते, ती आमच्यासारख्यांना क्वचितच आडवी येते, पण माहीत असावी. सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता, स्वतंत्र मिळतो का, की एकाच पत्त्यावर कितीतरी घरं बसवली आहेत, हेही विचारलं. गावच्या घरातून इथला कॅमेरा पाहायचा असेल तर ते नडतं. वर्षाचे पैसे एकदम भरले तर दोन महिने फुकट, असं सगळेच म्हणाले. मी तीन महिन्यांचे भरले. दोन महिने वाचवण्यासाठी जायची मोकळीक विकावी असं मला वाटत नाही.

शेवटी निवडली ती गल्लीतल्याच ऑपरेटरमार्फत येणारी लाइन. सर्वांत वेगवान ती नव्हती. पण ऑपरेटरचं दुकान भाजीवाल्याच्या पलीकडे आहे, तिथे माणूस बसलेला असतो, आणि ब्रिज मोडचं विचारलं तेव्हा त्याने "कुठला राउटर घेताय?" असं उलट विचारलं.

मग लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला हेच नाव सांगायचं. ग्रँट रोडला पूर्वेला उतरलं की थोड्याच अंतरावर हवा बदलते: नव्या प्लास्टिकचा, पुठ्ठ्याचा, तापलेल्या कथलाचा वास, मध्येच वड्याचा घाणा. खोकी लादलेल्या हातगाड्या, हातभर रुंदीची दुकानं, आणि प्रत्येकात अशी काहीतरी वस्तू जी बाहेर कुठेच मिळत नाही. दादाचा मोडेम कुठल्या दुकानातून आला होता ते आता ओळखू येत नाही. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "लाइन कितने की है?" दोनशे एमबीपीएस म्हटल्यावर त्याने समोरचे तीन स्वस्त राउटर स्वतःच बाजूला सारले, त्यांची पोर्ट शंभराचीच, वरचं सगळं वाया. दुसरा प्रश्न भिंतींचा. आमची इमारत जुनी, विटांच्या जाड भिंती. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर भिंतीतून बऱ्यापैकी जाते पण तिच्यावर गर्दी फार, एकमेकांना न अडवणारी चॅनेलं इनमिन तीन: एक, सहा आणि अकरा. आणि इमारतीत तर फोन उघडला की शेजाऱ्यांच्या वायफायची रांग लागते. पाच गिगाहर्ट्‌झ वेगवान, पण दुसऱ्या भिंतीपाशी दमते. "मोठ्या अँटेनावर जाऊ नका, मॅडम. बाबांच्या खोलीपर्यंत वायर टाका," तो म्हणाला. जास्त किमतीचा डबा विकायची संधी सोडून तो मला वायर विकत होता. त्याने कॅट सिक्सची वायर मोजून कापली आणि काउंटरवरच टोकं बसवली: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. आठही तारा बोटांनी सपाट करून एका फटक्यात कापल्या. राउटर तीन हजारांच्या आसपास पडला, आणि १२ ऑक्टोबर २०२० ला सगळ्या मुंबईची वीज गेली होती तो दिवस आठवून त्याच्यासाठी एक छोटा यूपीएसही घेतला.

ऑपरेटरच्या माणसाने ब्रिज केलं. युजरनेम, पासवर्ड मी माझ्या हाताने टाकला. राउटरच्या आतलं पान उघडलं, जोडलेल्या यंत्रांची यादी समोर आली, आणि मला खरोखर आनंद झाला. बाबांना विचारलं, "तुमच्या खोलीच्या वायफायला काय नाव ठेवू?" ते लगेच म्हणाले, "गिरगाव." ते नाव आता मी बदलेपर्यंत बदलणार नाही.

याचं ओझंही आहे, ते लपवत नाही. लाइन गेली की कंपनी आधी विचारते, राउटर तुमचा ना, मग तो तपासा. कंपनीच्या डब्यात सुरक्षेचे अपडेट आपोआप येत होते, आता महिन्याच्या महिन्याला मलाच पाहावे लागतात. दुसऱ्या मजल्यावर जोशीकाका-काकू दोघंच असतात. त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, तुम्ही कंपनीचाच डबा ठेवा. त्यांना एका फोनवर येणारा माणूस हवा आहे, यादी नको. पण निवड करता यायला हवी, आणि कंपनीचा डबा घेतला तरी त्याच्या आतलं पान पाहायला मिळायला हवं, यावर मी ठाम आहे.

म्हणूनच सध्या पुनर्विकासाच्या बैठकांना मी न चुकता जाते. नव्या इमारतीच्या भिंती सगळ्या काँक्रीटच्या, साच्यात ओतलेल्या असतील. विटांच्या भिंतीत नंतर छिन्नीने वाट काढता येते, त्यांत नाही. बिल्डरच्या माणसाने सादरीकरणात सांगितलं की एका कंपनीशी करार होईल, वर्षभर वायफाय मोफत. टाळ्या पडल्या. मी उभी राहून विचारलं, वर्षानंतर काय? उत्तर आलं नाही. दूरसंचार नियामक ट्रायने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीसाठी मानांकन द्यायचे नियम काढले आहेत, म्हणजे हा विषय फक्त माझ्या डोक्यातला नाही. मी कमिटीला पत्र लिहिलंय: कुठल्याही एका कंपनीला मक्ता नको, जिन्यालगतच्या शाफ्टमध्ये निदान तीन-चार कंपन्यांना पुरेल एवढी जागा, तिथून प्रत्येक दारापर्यंत रिकामा पाइप, आणि दारापासून प्रत्येक खोलीपर्यंत वेगळा. सेक्रेटरींनी ते ठेवून घेतलंय. सह्या जमताहेत, जोशीकाकांनी सर्वांत आधी केली. मसुदा बाबांनी वाचला आणि त्यांच्या वळणदार अक्षरात खाली एक ओळ वाढवली: पाइपांची जागा करारासोबतच्या नकाशावर दाखवावी, तोंडी आश्वासन चालणार नाही. सभा येत्या रविवारी आहे.